घमेल्यातलं लाल पाणी

त्या गुरुवारी समाजमंदिराच्या ओसरीवर चाळीसएक बायका लुगडी पोटरीपर्यंत वर घेऊन रांगेत बसल्या होत्या. भाताच्या रोवणीचे दिवस. बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात दिवसभर उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या आणि चिखल्यांवर हळद लावायच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीचे पाय हळदीनं पिवळे. समोर स्टीलच्या घमेल्यात नितळ पाणी. डॉक्टर हेमेंद्र एकेकीच्या जिभेवर चार गोड गोळ्या ठेवत, घड्याळात पाच मिनिटं मोजत आणि मग तिचे पाय स्वतःच्या हातानं घमेल्यात सोडत. बघता बघता पाणी लाल होई. रांगेतल्या बायका हात जोडत.

“दवा जुबानवर दिली, जहर पायातून निघालं,” हेमेंद्र म्हणत. मराठी गोंदियाच्या बाजारातली, अर्धी हिंदी. “रोग पायाला नसतो, पूर्ण बॉडीला असतो. वरून मलमपट्टी केली की तो अंदर घुसतो आणि सीधा दिलावर जातो.”

होमिओपॅथीचं नाव ते घेत. पदवी कुठली, हे गावात कुणी विचारलं नव्हतं. इथल्या उपकेंद्रातली नर्स असून मीही विचारलं नव्हतं, हे माझं पहिलं चुकलं.

दुसरं चुकलं ते धुरपताबाईंच्या बाबतीत. त्या माझ्या शेजारच्या, मी त्यांना काकी म्हणते. अंगात साखरेचा आजार. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावताना चिखलातल्या शिंपल्यानं त्यांचा तळवा अंगठ्याखाली कापला. दिवसाआड मी पट्टी करत होते आणि दर वेळी जखमेत हळद कोंबलेली सापडायची. एकदा माझा तोल गेला. पाय ठेवायचाय की कापायचाय, असं मी चार बायकांसमोर त्यांना विचारलं. त्या चप्पल घालून गेल्या, त्या पुन्हा उपकेंद्राकडे फिरकल्या नाहीत. तीन आठवडे घमेल्याकडे मात्र नेमानं जात होत्या. साखर उतरवायच्या गोळ्याही हेमेंद्रनी बंद करायला लावल्या होत्या. हे मला त्यांच्या नवऱ्यानं, उमरावकाकांनी, त्याच सकाळी सांगितलं. खाली मान घालून म्हणाले, “पायाचा वास येऊन राहिला, बाई.”

म्हणून मी ओसरीवर गेले.

घमेल्यात पाय गेला की बायका तोंड वाकडं करत होत्या. चिखल्या चुरचुरत होत्या. चुरचुरलं की समजायचं जहर निघतंय, असं हेमेंद्र समजावत. धुरपताकाकींची पाळी आली. त्यांच्या तळव्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या. पाय पाण्यात गेला, पाणी लाल झालं आणि काकी हसत होत्या.

“मले त काईच चुरचुरत नाई,” त्या मला ऐकू जाईल असं म्हणाल्या. “माहा रोग निघाला.”

उघड्या जखमेला झोंबत नाही, म्हणजे त्या पायाची जाणीवच गेली होती. आणि नुसत्या पाण्यानं बाकीच्यांना कसं झोंबतं? मी कोपऱ्यातल्या भरलेल्या दुसऱ्या घमेल्यात बोट घालून चोळलं. बुळबुळीत लागलं. चपला काढून मी त्यात पाय सोडले. पाणी नितळच राहिलं.

“सिस्टरला रोगच नाही,” हेमेंद्र म्हणाले आणि ओसरी हसली.

मला भांडायचं होतं. पण भांडून काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं. रांगेतल्या दुर्गेश्वरीच्या पिवळ्या टाचेवरून मी ओला कापूस फिरवला. तो पिवळा झाला. मग काकींसोबत आलेल्या उमरावकाकांची तंबाखूची डबी मागितली आणि तिच्यातला चुना बोटानं कापसाला लावला. कापूस लाल झाला.

“या कापसाच्या जिभेवर कोणती गोळी ठेवली होती, डॉक्टर?” मी विचारलं.

दुर्गेश्वरीनं कापूस हातात घेऊन पाहिला. “हे त कुंकू होय. हरद न् चुना. माही आजी घरी करे.”

घमेल्यात चुन्याची निवळी होती, रात्रभर चुना भिजवून वरचं काढलेलं नितळ पाणी. हळद प्रत्येकीच्या पायावर आधीच होती, माझ्या नव्हती. ज्या बायकांनी घरी कुंकू होताना पाहिलं होतं, त्यांना स्टीलच्या घमेल्यात ते ओळखू आलं नाही. हेमेंद्र पिशवी भरता भरता श्रद्धेवर बरंच काही बोलले. निम्मी रांग उठली. निम्मी बसूनच होती, हे सांगितलंच पाहिजे.

काकींना दुपारीच गोंदियाला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आजार सगळ्या शरीराचा आहे हे खरंच, साखर रक्तात आहे, तिच्यावर औषध पोटातूनच द्यायचं. पण सडलाय तो पाय, आणि तो तिथंच उघडून साफ करावा लागतो. दोन्ही करायचं असतं. काकींचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. आठ दिवस आधी आणलं असतं तर कदाचित एकही गेलं नसतं. त्या गोड गोळ्यांनी त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते पट्टी करू नका, साखरेच्या गोळ्या बंद करा, या सांगण्यानं.

मी खाटेजवळ बसून त्यांची माफी मागितली. मग विचारलं, एवढा वास येत होता, तरी त्याच्याकडेच काऊन गेलात?

“त्यानं माहा पाय हातात घेतला, पोरी,” काकी म्हणाल्या. “तू त नाक मुरडत होतीस.”

हेमेंद्र आता दुसऱ्या गावात बसतात म्हणे. तिथं कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगते: कुणी नवल दाखवलं तर घरी येऊन आपल्या हातानं, आपल्याच हळदीचुन्यानं करून बघा. गोळी न खाता पाणी लाल झालं, तर ती गोळी कशाला? आणि जखम उघडी ठेवायला सांगणाऱ्याला त्याची पदवी विचारा. मी विचारली नाही.

रोवणीत माझ्या टेबलावर आता चुन्याची डबी असते. पिवळे पाय घेऊन कुणी आली की आधी कापूस लाल करून दाखवते. मग तिचा पाय मांडीवर घेते, हळद धुते आणि पट्टी करते.