एक एकर आठ गुंठे

मी एक दोनशे पानी वही. माझ्या पोटात नुसत्या चुका आहेत, आणि त्याही बहुतेक परक्यांच्या.

जऊळक्याच्या स्टेशनरस्त्यावर साधनाचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्याच गठ्ठ्यातून सात वर्षांपूर्वी तिनं मला उचललं. प्रोग्राम लिहायला ती कुणाकडे शिकली नाही. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मोबाईलवर बघून बघून शिकली. मग तिनं ‘फवारा’ नावाचं ॲप केलं. वावराचं माप भरलं की तणनाशकाचे किती पंप, म्हणजे पाठीवरच्या फवारणीच्या टाक्या, मारायचे ते सांगणारं. ॲप फुकट आणि त्याचा प्रोग्राम सगळ्यांसाठी उघडा. कुणीही वाचावा, बदल पाठवावा; तो घ्यायचा की नाही हे साधना ठरवणार.

ती ठरवायची मला पुढ्यात घेऊन. ओळ ओळ वाचायची, शंका माझ्यात लिहायची. शेवटी ओळखीच्या दोन-तीन वावरांचं गणित हातानं करायची आणि ॲपच्या उत्तराशी ताडून पाहायची. जुळलं तर कोपऱ्यात ‘ठीक’. त्या ‘ठीक’चा मला फार गर्व होता.

गेल्या वर्षी चेकर आला.

कारंज्याचा उत्कर्ष अधूनमधून बदल पाठवायचा. त्यानंच तो जोडून दिला. आलेला प्रत्येक बदल चेकर आपोआप वाचतो. चूक दिसली तर लाल खूण, नाही तर हिरवी.

“ताई, आता वही ठेवा कपाटात,” उत्कर्ष फोनवर म्हणाला. “हा पाच सेकंदात पुरा प्रोग्राम वाचते.”

“वाचते, पन समजते काय त्याले?”

“समजून काय कराचं हाये? त्याले का पोरगी द्याची हाये?”

साधना हसली. मला हसू आलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यानं अकरा चुका काढल्या. त्यातल्या तीन माझ्या ‘ठीक’ लिहिलेल्या पानांवरच्या. मापाचा रकाना रिकामा राहिला तर ॲप बंद पडायचं, हे इतक्या वर्षांत ना तिला दिसलं, ना मला. मी जळले. तो थकत नव्हता, त्याची पानं संपत नव्हती, आणि साधना त्याच्या हिरव्या खुणेकडे जशी निर्धास्त बघायची तशी माझ्याकडे कधीच बघायची नाही. उन्हाळ्यात राउटरला टेकू हवा होता. तिनं मला त्याच्याखाली सरकवलं. तिथून संगणकाचा पडदा स्पष्ट दिसायचा, हे माझं दुर्दैव.

सोयाबीनमध्ये तण दिसू लागलं तेव्हा उत्कर्षचा एक बदल आला. ॲपमध्ये एकर आणि गुंठे असे दोन रकाने होते. त्यानं भरायला सोपा म्हणून एकच केला. चेकरनं हिरवी खूण दिली. साधनानं हातचं गणित न करता बदल घेतला.

मला मात्र दिसलं. आपल्याकडे एक एकर आठ गुंठे माणसं १.८ असं लिहितात. ॲप ते जवळजवळ दोन एकर धरणार. चाळीस गुंठ्यांचा एकर. आठ गुंठे म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा, म्हणून खरं माप १.२. वहीला ओरडता येत नाही, हे खरं. पण येत असतं तरी मी ओरडले नसते. पडू दे मेल्याला तोंडघशी, असंच मनात होतं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या पंचफुलाबाई मोबाईल नाचवत दुकानात शिरल्या.

“काहून वं साधना, तुह्यं ॲप पिऊनगिऊन हाये काय? माह्या वावराले आजलोक बाराच पंप लागले. हे अठरा सांगून राह्यलं. वरचे सहा तुह्या दुकानात मारू?”

साधनानं राउटर उचलून मला ओढलं आणि माझ्यात गणित मांडलं. एक एकर आठ गुंठे: बारा पंप. तिचा चेहरा उतरला. बदल मागे घेतला, गावोगावच्या ग्रुपवर निरोप टाकला, उत्कर्षला फोन लावला.

“पन ताई, चेकर तं हिरवा होता!”

“हिरवा होता म्हनून तं म्या पाह्यलं नाई. चूक माही हाये.”

मी फुलून गेले होते. तेवढ्यात पोहरादेवीहून लालसिंग नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला.

“ताई, निरोप आता पाह्यला. परवाच मारलं म्या. ॲपच्या हिशेबानं आनलेलं औषध उरलं, वाया कायले घालवाचं म्हनून धुऱ्याच्या बांधाकडून दुसरा हात मारला. सोयाबीन पिवळं पडून राह्यलं. जगन काय ते?”

साधनानं माझ्यात त्याचं नाव लिहून घेतलं. आणि ज्या चुकीची मी वाट पाहत होते, ती कुणाच्या वावरात उतरणार होती, हे मला तेव्हा कळलं.

पुढचे चार दिवस तिनं माझ्यातली चाळीस वावरं उतरवून चेकरला दिली. त्या चाळीसांची उत्तरं बरोबर आल्याशिवाय आता हिरवी खूण उमटत नाही. मत्सर गेला, असं मी म्हणणार नाही. वावरं माझी, खूण त्याची.

बाबांनो, चेकर अवश्य ठेवा. माझ्या हातून सुटलेलं त्यानं धरलं आहे. पण तो हो म्हणाला तरी एक वावर हातानं मोजून बघा. आणि मोजणाऱ्याच्या चुकीवर टपून बसू नका.

आज साधनानं लिहिलं: ‘लालसिंग. सोयाबीनला नवं पान अजून फुटलं नाही म्हणतो. उद्या पहिल्या बसनं जाऊन स्वतः पाहणे.’ मग मला पिशवीत ठेवलं. पुढचं पान कोरं आहे. त्यावर उद्या काय लिहिलं जाईल, याची मला धास्ती वाटते.