गाणारे पुढे गेले

एनिड थॅकवेलने पुढच्या दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि अंग मागे टाकून हिसका दिला. ओल्या हवेने लाकूड फुगलं होतं. आमच्या गावात पुढची दारं तशी नावालाच. जाणं-येणं सगळं मागच्या दाराने. पुढचं उघडायचं ते लग्नाला, मयताला आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी, गाणारी मंडळी यायची तेव्हा. ऑक्टोबरात तिचा नवरा राल्फ त्याच दारातून गेला, चार जणांच्या खांद्यावर. तेव्हापासून ते बंद होतं.

शेवटी एकदाचं करकरत उघडलं. एनिडने राल्फचा रंधा शोधून खालची कड तासली. वाईटच तासली, पण दार फिरायला लागलं.

ओव्हनमध्ये सॉसेज रोल होते. चर्चपासून निघून घराघरासमोर एकेक गाणं म्हणत मंडळी शेवटी थॅकवेलांकडे टेकायची, अशी कित्येक वर्षांची रीत. राल्फ कंदील घेऊन पुढे असायचा. सूर द्यायचा तोच आणि सगळ्यांत बेसूर गायचाही तोच. त्याला गप्प करायची हिंमत कुणाला झाली नाही, एनिडलासुद्धा.

"अगं, आहेस का घरात?" मागच्या दारातून बेरिल कूम्ब्ज आत आली. चर्चची सगळी उस्तवार बेरिल बघते. पाद्रीणबाईंच्या गळ्यात सात गावं बांधलेली, त्यामुळे आमच्याकडे देवाच्या खालोखाल बेरिलच.

"ये ना. चहा टाकते."

"नको गं, घाई आहे. कंदील न्यायला आले. राल्फचा..." बेरिलने जीभ चावली. "म्हणजे, तो शेडमधला."

घे की बाई त्याचं नाव, एनिडला वाटलं. दफन झाल्यापासून गावात कुणी ते घेतलं नव्हतं. ती दुकानात शिरली की बोलणी थांबायची आणि सगळे पावसावर घसरायचे. सुरुवातीला मागच्या पायरीवर रोज झाकलेली भांडी यायची, बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेली. आतलं जेवण चांगलं असायचं. ठेवणारा मात्र दार न वाजवता पसार. एनिडही भांडी घासून तशीच ज्याच्या त्याच्या पायरीवर ठेवून यायची.

"आणि हो," बेरिल हातमोज्यांशी चाळा करत म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, या वर्षी तुला त्रास द्यायचा नाही. तुझ्या दारात येऊन गळे काढायचे, वाइन ढोसायची, बरं दिसतं का ते? शेवट माझ्याकडेच करू. अर्थात तुला जर वाटत असेल..."

वाक्य तिने तिथेच सोडलं. आमच्याकडे अशी वाक्यं सोडायचीच असतात आणि ऐकणाऱ्याने ती 'नको' म्हणून पुरी करायची असतात.

अगं, या, असं एनिडच्या अगदी ओठांवर आलं होतं. घर भरून टाका. जिन्यात बसा, गालिच्यावर वाइन सांडा. त्याच्या बेसूर आवाजाची नक्कल करा. मी हसेन, नाहीतर भोकाड पसरेन, पण या.

"किती विचार करता गं तुम्ही माझा," ती म्हणाली. "माझ्यासाठी अडू नका."

"नक्की?"

"अगदी नक्की."

सॉसेजचा वास सुटला होता. बेरिलची नजर ओट्यावरच्या दुसऱ्या भरलेल्या ट्रेवर गेली. "एवढे?"

"फ्रीझरमध्ये टाकते. महिनाभर पुरतात."

बेरिल घुटमळली. तिला काहीतरी दिसल्यासारखं झालं, पण दिसलेलं बोलून दाखवायची तिला सवय नव्हती. हातमोजे चढवून ती शेडकडे गेली.

तरीही अंधार पडल्यावर एनिडने लाल स्वेटर घातला आणि पुढचा दिवा लावला. न जाणो. मसाला घातलेली वाइन मंद आचेवर ठेवली. लोहाराच्या जुन्या घरापाशी गाणं झालं, मग पलीकडे डटनांकडे झालं. कुत्रं भुंकलं, कुणीतरी खिदळलं. मग खडीवर पावलं वाजू लागली आणि तिच्या फाटकापाशी आली तशी हळू झाली. ती धावत दारापाशी गेली.

"इथे नाही म्हणायचं?" हा डॉमिनिक, यंदाच लंडनहून राहायला आलेला. "दिवा चालू आहे."

"शू! हळू बोल रे," बेरिल म्हणाली. "नवरा गेलाय तिचा."

"मग विचारून येऊ का मी?"

"वेडा आहेस का? विचारलंस तर संकोचाने हो म्हणेल बिचारी."

कुणी पुढे जाईना, कुणी गाईना. कुणीतरी उगाचच खाकरलं. दाराआड एनिडचा हात मुठीवर होता. बाहेरची ती अवघडलेली शांतता तिला पाठ होती. आयुष्यभर ती स्वतः अशाच शांततेत उभी राहिली होती. आपल्या दिव्यामुळे माणसं थंडीत खोळंबली आहेत, हे तिला सहन होईना. मुठीवरचा हात निघाला आणि दिव्याच्या बटणाकडे गेला.

"बघ, झोपायला निघाली," बेरिल कुजबुजली. "बरं झालं. चला."

पावलं पुढे गेली. थोड्या वेळाने शेजारच्या दारात गाणं सुरू झालं, खणखणीत, चार पट्ट्यांचे आवाज जुळवून. कुणीच बेसूर गात नव्हतं. एनिड अंधारात जिन्याच्या पायरीवर बसली आणि तोंडावर स्वेटरची बाही दाबून रडली. भिंत पातळ होती.

सकाळी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या दारात बेरिलने तिला गाठलं.

"मेरी ख्रिसमस गं! काल आमचा त्रास नाही ना झाला? तुझ्या फाटकावरून अगदी चोरपावलांनी गेलो."

"नाही गं. काही ऐकूसुद्धा आलं नाही. फार सांभाळता तुम्ही मला."

बेरिलचा चेहरा खुलला. तिने एनिडचा दंड प्रेमाने दाबला.

"मग आता दरवर्षी असंच करू," ती म्हणाली. "तू अजिबात काळजी करू नकोस."

"चालेल," एनिड म्हणाली, आणि बाकांवर राहिलेली गाण्याची पुस्तकं गोळा करायला परत आत गेली.