चढत्या भाजणीच्या पाच कुंड्या

पान जाड होते. चिमटीत धरले की त्याची बारीक लव अंगठ्याला लागे, थोडा जोर दिला की मधली शीर मोडे आणि हिरवट पाणी नखाच्या कडेला येऊन थांबे. आताही सगळे तसेच झाले, क्रमाने झाले, एकही पायरी चुकली नाही. आणि बाईंनी ते चुरगळलेले ओव्याचे पान नाकाशी धरले, डोळे मिटले, श्वास ओढला... थंड हवा आत गेली. नुसती हवा. रिकामा पेला नाकाशी धरावा तशी.

मग एक नाकपुडी दाबून. मग दुसरी. मग दोन्हींनी, तोंड घट्ट मिटून, मनात दहा आकडे मोजत.

काही नाही.

पान त्यांनी कुंडीतल्या मातीखाली बोटाने ढकलले. चुरगळलेली पाने वर दिसता कामा नयेत. दिसली तर रोज सकाळी ही काय तपासते, असे कोणीतरी विचारील.

घरातल्यांच्या लेखी हा छंद होता. आईला म्हातारपणी बाग सुचली, असे मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि सून पाहुण्यांना बाल्कनीत आणून उभे करी, एखादे पान खुडून त्यांच्या हातावर ठेवी. पाहुणे वास घेत आणि वा म्हणत. बाईही वा म्हणत. कुंड्यांचा क्रम मात्र कोणाच्या लक्षात आला नव्हता. आधी कोथिंबीर, तो मोठा ताप येऊन गेल्यानंतर महिनाभराने. तिचा वास येईना, तेव्हा बियाणेच निकृष्ट असा निकाल देऊन बाईंनी पुदिना लावला. पुदिन्यानंतर शेपू. शेपूनंतर गवती चहा. आणि शेवटी हा ओवा, ज्याच्या उग्रपणाने म्हणे माणसाचे डोके दुखते. चढत्या भाजणीने, वैद्याने मात्रा वाढवीत न्यावी तशा पाच कुंड्या. याच्यापुढे लावण्याजोगे काही उरलेले नाही, हे मला कळते. कळूनही मी रोज सकाळी इथे येते, आणि दहापर्यंत मोजते...

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरावर बाईंनी एकतीस वर्षे राज्य केले. दोनशे मुली, सहा स्वयंपाकिणी, आणि बाईंनी कधी चमचा तोंडाला लावला नाही. झाकण उचलायचे, वाफ एकदा आत घ्यायची आणि सांगायचे: लसूण करपला, हे तेल कालचे, मीठ कमी. मिठाला वास नसतो, असे एका नव्या स्वयंपाकिणीने म्हटले होते. दुसऱ्या दिवसापासून म्हटले नाही. ‘आईच्या नाकाखालून काही सुटत नाही’ हे वाक्य मुलगा अजून म्हणतो, आणि तो ते म्हणाला की बाई मान किंचित वर करतात. सवयीने. अजूनही.

आज सकाळी चहाच्या टेबलावर तो तेच म्हणाला होता.

“संध्याकाळी मी तिच्याशी बोलते,” सून म्हणत होती. “उद्यापासून येऊ नको म्हणून. मला वाईट वाटतं हो, पण गॅस उघडा टाकून जाणारीला ठेवायचं म्हणजे विषाची परीक्षा.”

“आई बाहेर बसली होती म्हणून,” मुलगा म्हणाला. “आत असती तर हिच्या नाकाखालून सुटलं असतं का?”

बाईंनी कपात पाहिले. चहा गरम होता, गोड होता. आणखी काही नव्हता.

जिच्याविषयी हे बोलणे चालले होते ती स्वयंपाकीण चाळिशीची, हाडकुळी, अखंड बोलणारी. दाणे टिपावेत तशी भराभर भाजी निवडी. तिला पहिल्याच आठवड्यात बाईंनी चिमणी म्हटले आणि घरात तेच रूढ झाले. मागच्या मंगळवारी चिमणी तीन वाजता काम आटोपून गेली. चार वाजता बाईंनी स्वतः उठून दूध तापवले, पेला घेऊन इथे येऊन बसल्या, आणि शेगडीचे बटण — बंद केले असे त्यांना वाटले. ते बारीकवर आले असणार. खिडकीतल्या वाऱ्याने ज्योत विझली असणार. नंतरचा तासभर गॅस सुटत राहिला, आणि तीन हातांवर, या खुर्चीत, बाई शेपूची काडी चुरगळून नाकाशी धरीत होत्या. सून दारातून आली ती ओरडतच. खिडक्या उघडल्या, बटण फिरवले, आणि मग मागे वळून, पांढऱ्याफटक चेहऱ्याने: “आई, वास नाही आला तुम्हाला?”

“मी बाल्कनीत होते. दार लावून घेतलं होतं. आत कोण काय करून गेलं, मला काय ठाऊक?”

दार उघडे होते. सताड उघडे. हे वाक्य कुठून आले कोण जाणे. आयुष्यभर उत्तरे अशीच आली, हाक मारण्याआधी हजर राहणाऱ्या नोकरासारखी. त्या दिवशीही आले, आणि त्यानेच चिमणीचे नाव न घेता घेतले.

दहा वाजता चिमणी आली. ती सरळ पुदिना खुडायला बाल्कनीत आली आणि उंबऱ्यावरच थबकली. बाही नाकाशी गेली.

“बाई, इथं बसवतं तरी कसं तुम्हाला?”

“का? काय झालं बसायला?”

“अहो, काय झालं म्हणजे...” तिने बोलणे अर्धे सोडले. वाकून गवती चहाची मोठी कुंडी ओढली. भिंत आणि कुंडी यांच्या फटीत काहीतरी काळेनिळे, पिसांचे, चपटे पडलेले होते. “पारव्याचं पिल्लू. चार दिवस तरी झाले असतील मरून.”

चार दिवस मी या खुर्चीत...

“ठाऊक आहे मला,” बाई म्हणाल्या. “तुझीच वाट बघत होते. मला वाकवत नाही.”

“हो का.”

वर्तमानपत्रात गुंडाळून चिमणीने ते नेले. बादली आणली, फरशीवर पाणी ओतले, झाडूने खसाखसा घासले. या सगळ्यात ती एक शब्द बोलली नाही, आणि चिमणी बोलत नाही म्हणजे सबंध घरात काहीतरी बंद पडल्यासारखे वाटते.

“फिनेल जास्त झालं का हो?” ती पाठमोरीच म्हणाली.

“झालं. डोकं धरलं माझं.”

झाडू थांबला.

“फिनेल परवाच संपलंय, बाई. नुसतं पाणी आहे ते.”

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होते आणि दुसरे कोणीतरी त्याला येऊ दे, येऊ दे म्हणत होते. बाईंनी खुर्चीचे हात धरले. वयाचे, घराचे, पदाचे कितीतरी शब्द घशापर्यंत आले, आणि बाहेर आला तो नेहमीचाच.

“कामाला लाग.”

“लागते की.” चिमणीने बादली उचलली. “मंगळवारी बटण मी बंद केलं होतं. हात लावून बघते मी, दोनदा. आज मला काढणार आहेत हेही कळलंय, वहिनींचा चेहरा काही लपत नाही. पण मी नाही बोलायची. मी बोलले तर म्हणतील, चोराच्या उलट्या बोंबा. तुमच्या नाकापुढं माझ्या तोंडाला कोण विचारतं?” दारात ती जरा थांबली. “पुदिना चार काड्या नेते.”

दुपार बाल्कनीत अडकून राहिली. सांगायचे म्हणजे काय होईल, ते बाईंना स्पष्ट दिसत होते. व्यवस्थापनाचा पूर्वानुभव दांडगा. कोणी रागावणार नाही, हेच मुळात वाईट. ‘अगं, मग आधी नाही का सांगायचं?’ असे मुलगा म्हणेल, हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलतात तसे. शेगडीला हात लावायचा नाही. एकटे राहायचे नाही. दिवसा सोबतीला कोणीतरी येईल, बाईंना औषधे देईल, बाईंना आजी म्हणेल. दूध नासले का हे विचारायला सून भांडे घेऊन येणार नाही. येईल आणि मध्येच आठवून परत नेईल. पाहुण्यांना आत्तासारखेच बाल्कनीत आणतील, फक्त पान खुडून सर्वांच्या हातावर ठेवताना... माझा हात गाळतील.

आणि न सांगता? न सांगता सगळे जिथल्या तिथे राहते. एक चिमणी उडून जाते, एवढेच. दुसरी येते.

वसतिगृहात एक स्वयंपाकीण होती. सुपाएवढे तोंड, मंद हालचाली. तिच्यासमोर दूध करपले, चाळीस लिटर, आणि ती पातेल्याशेजारी कांदे चिरत बसलेली. मला कळलंच नाही, बाई, असे ती म्हणत राहिली. ‘नाक गहाण टाकलंस का गं?’ मी सगळ्यांसमोर विचारले. सगळ्या हसल्या. दुपारी तिला घालवली. कळलंच नाही, हे कारण मी इतक्या वर्षांत कोणाचेही मान्य केले नाही. कळणे हा माझ्या मते कामाचाच भाग. तिला खरोखरच... पण हा विचार तेव्हा आला असता तर कदाचित मी ती उरलेच नसते, जी एकतीस वर्षे राहिले. मग कोण असते?

त्यांनी मनात वाक्य जुळवून पाहिले. सर्वांस कळविण्यात येते की... छे. मंगळवारी दार उघडे होते. एवढेच चार शब्द. ते जिभेवर ठेवले की चहासारखेच लागत होते, गरम, आणि पुढे काही नाही.

साडेपाचला सुनेची किल्ली दारात फिरली. स्वयंपाकघरात आवाज सुरू झाले: सुनेचा खालचा, जपून, चिमणीचा जवळजवळ नाहीच. मग हाक आली.

“आई, जरा आत येता का?”

सुनेने खुर्ची पुढे ओढून ठेवली होती. मुलगाही आला होता, बूट न काढता दाराला टेकून उभा. चिमणी ओट्याशी, ओल्या हातांनी फडक्याची घडी करीत, ती मोडत, पुन्हा करीत.

“मी सांगितलं तिला,” सून म्हणाली. “ती म्हणते, बाईंना विचारा. त्या म्हणतील ते कबूल. मग आम्हीही म्हटलं, तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणाल तसं.”

“तुझंच खातं ते, आई,” मुलगा हसून म्हणाला.

तिघांनी बाईंकडे पाहिले, तिघांनीही आदराने; चिमणीच्या पाहण्यातही दुसरे काही नव्हते, ते बाईंनी शोधून पाहिले. उत्तर नेहमीप्रमाणे हजर होते, कपडे करून, हात जोडून उभे होते. नुसती मान हलवली असती तरी भागले असते. गेले आठ दिवस, या क्षणापर्यंत, बाईंना सापडण्याची भीती वाटत होती. आता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, न बसता, त्या आत चाचपडून पाहू लागल्या, तर ती भीती जागेवर नव्हती. तिच्या जागी दुसरीच होती, अनोळखी, पुष्कळ थंड: की आपण आताही सुटू, अगदी सहज सुटू, कोणी अडवणार नाही, आणि मग अशाच सुटत राहू, रोज, शेवटपर्यंत, ही माणसे अशीच आदराने उभी असताना.

“आई?” सून म्हणाली.

बाई अजून उभ्याच होत्या.