ब्लीचने घासलेला रांजण

मी कासिल्दाबाईचा चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, रांजण बोलतोय. आज गोड बोलायची माझी अजिबात इच्छा नाही. ज्याला गोड ऐकायचं असेल त्याने शेजारच्या पाण्याच्या माठाकडे जावं. तो बारा महिने थंड असतो.

माझा जन्म वायकुलीचा. तिथल्या कुंभारणीने मला माणूस आत बसेल एवढा घडवला आणि ट्रकमधून, गवतावर आडवा घालून, कोचाबांबाच्या खोऱ्यातल्या या गावी धाडला. कासिल्दा तेव्हा नवी नवरी होती. तिच्या सासूने मला कंबरेपर्यंत जमिनीत पुरलं आणि जुन्या रांजणातला गाळ माझ्या अंगाला आतून फासला, दुधाला विरजण लावतात तसा. "याला गरम पाणी आणि गवताचा कुंचा, बस. साबण दाखवायचा नाही," तिने सुनेला बजावलं. कासिल्दाने ते एक्केचाळीस वर्षं पाळलं.

मोड आलेला मका वाळवून दळायचा, तांब्याच्या काहिलीत दिवसभर उकळायचा, निवला की माझ्यात ओतायचा. पुढचं काम माझं. तिसऱ्या दिवशी मी विस्तवाशिवाय खदखदायला लागायचो. मग कासिल्दा दाराबाहेर काठीला पांढरं फडकं बांधायची, आणि चिचा तयार झाल्याचं अख्ख्या गल्लीला कळायचं. पुरुष यायचे. आधी गायचे, मग भांडायचे, मग मेलेल्या आईच्या आठवणीने रडायचे. सकाळी पुन्हा म्हणायचे, कासिल्दाचा हात म्हणजे हात. हात! माझं नाव कोणी घेत नसे. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण ती घ्यायची. काम करताना माझ्याशी बोलायची, माझ्यावर थाप मारायची.

मागच्या हिवाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. तिला वास येईना, चव कळेना. हे तिने कोणाला सांगितलं नाही. फक्त माझ्या पोटाला कान लावून खदखद ऐकायची आणि तेवढ्यावर अंदाज बांधायची. मीही तिला कधी चुकू दिलं नाही.

आणि मग आली नेल्वा. मुलाची बायको. अकरा वर्षं स्पेनमध्ये लोकांची घरं धुऊन परत आली होती. बाई वाईट नाही, कामाला वाघ आहे. पण दिसेल ते धुवायचं, ही खोड. कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी घरोघरी चिचा करणाऱ्या बायका एकमेकींकडे जमतात. प्रत्येकीने आपल्या रांजणातली आणायची, सगळ्यांनी चाखायची, काय चुकलं, काय जमलं ते बोलायचं. यंदा पाळी कासिल्दाची होती. सासूची शान राहावी म्हणून, आठ-दहा दिवस आधी, सासू बाजारात गेलेली असताना, नेल्वा माझ्यात उतरली. हातात तारेची घासणी आणि कपड्यांचं ब्लीच.

मी काय सांगू तुम्हाला? एक्केचाळीस वर्षांचं सगळं तिने तासाभरात खरवडून काढलं. वर कौतुकाने स्वतःशीच म्हणते, "आता कसा दवाखान्यासारखा स्वच्छ झाला." अगं बये, दवाखान्यात चिचा होते का?

माझ्या पोटात अंधार आणि तिला वास येईना, म्हणून कासिल्दाने माझ्यात नेहमीसारखा मका ओतला. तिसऱ्या दिवशी कान लावला. मी गप्प. चौथ्या दिवशी गप्प. तिला वाटलं, गारठा आहे. सहाव्या दिवशी माझ्यात काहीतरी फसफसलं; कुठून तरी उडून आलेलं, आंबट, परकं. तिने तोच माझा आवाज समजून फडकं बांधलं. मला ओरडायला तोंड असतं तर!

गुरुवारी बायका जमल्या. भोपळ्याची वाटी फिरू लागली. आमच्याकडे प्यायच्या आधी चार थेंब जमिनीवर सांडतात, पाचामामासाठी, म्हणजे धरणीमायसाठी. पहिलीने घोट घेतला, तोंड सावरलं आणि चार थेंबांऐवजी अर्धी वाटी धरणीमायला दिली. दुसरीने पाऊण. तिसरी तर एवढी भाविक निघाली की वाटी पालथीच केली. सगळ्या म्हणाल्या, छान, छान. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बोलायलाच जमलात ना? मग बोला की!

कासिल्दा ओल्या जमिनीकडे बघत राहिली. मग प्रिमितिवाला म्हणाली, "धरणीमायला आज एवढी तहान का लागली गं?"

प्रिमितिवा तिची लहानपणापासूनची मैत्रीण आणि चिचातली स्पर्धक. तिने खाली बघितलं. "आंबट शिरका झालाय, कासिल्दा."

"मला कळलं नाही," कासिल्दा म्हणाली. "मला आता काहीच कळत नाही. हात गेला माझा."

बायका गलका करून समजूत घालू लागल्या. होतं असं, कोणाचंही होतं. पण कसं झालं, हे एकीनेही विचारलं नाही. एकीने जरी माझ्यात डोकं घातलं असतं तरी ब्लीच नाकाला झोंबलं असतं. नेल्वा दारात उभी होती. मघापासून ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला उमगलं होतं. पालथी वाटी उचलून ती धुवायला निघून गेली.

बायका गेल्यावर कासिल्दाने स्वतः फडकं सोडलं, घडी घातली आणि ट्रंकेत तळाशी ठेवलं. तेव्हापासून ती अंगणात बाकावर बसून असते. मका बघत नाही, माझ्याकडे बघत नाही. मुलगा मला फोडून जागा मोकळी करायची म्हणतोय. फोडा. मला त्याचं दुःख नाही. मी माती आहे, विरजण लावलं तर महिन्याभरात पुन्हा उभा राहीन, नाही लावलं तर नाही. पण ती बाई स्वतःला संपली असं समजून बसली आहे, हे मला सहन होत नाही.

काल प्रिमितिवा आपल्या रांजणातला गाळ घेऊन आली. म्हणाली, लाव पुन्हा. कासिल्दाने भांडं परत तिच्या हातात दिलं. म्हणाली, "गाळ चांगला आहे, कोणा तरण्या बाईला दे. खोट रांजणात नाही, माझ्यात आहे."

नेल्वा तिथेच होती, माझ्या काठावर हात ठेवून. त्या हाताचं बोट माझा खरवडलेला काठ चाचपत होतं. मनात म्हटलं, बोल. चार शब्दांचं काम आहे. ती तुला मारणार नाही, उलट उठून उभी राहील. बोल गं बाई, आता तरी बोल.

तिने तोंड उघडलं.

"आई," ती म्हणाली, "चहा ठेवू?"