अष्टमीला पार्टी ठरवली कोणी?

मित्रांनो, मी दाखवायची कढई आहे. विकायची नाही, दाखवायची! कारखान्यातून निघाले ती थेट विभाताईंच्या पिशवीत येऊन पडले. विभाताईंचे मिस्टर गजाननराव बँकेत, त्यांची सारखी बदली. दर बदलीला विभाताईंची शाळेतली नोकरी सुटायची. जयपूरला आल्यावर त्यांनी हे काम धरलं. कुणाच्या तरी घरी बायका जमवायच्या, थेंबभर तेलात माझ्यात भाजी परतून दाखवायची आणि माझ्यासारख्या कढयांची मागणी घ्यायची, हीच ती पार्टी. प्रताप नगरात घरोघरी माझं कौतुक झालं. स्वतःच्या घरी मात्र विभाताईंनी मला कधी चुलीवर चढवलं नाही, हा राग आहेच.

पण आजचा राग वेगळा आहे.

शेजारच्या गल्लीतल्या उर्मिलाजींनी पार्टीला घर देऊ केलं. जाता जाता म्हणाल्या, "बस चैत की अष्टमी छोड़ देना, विभाजी." विभाताईंनी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर पाहिलं. चैत्रातली अष्टमी पुढच्या महिन्यात! म्हणून त्यांनी होळीनंतरचा आठवा दिवस धरला आणि कॉलनीतल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमंत्रण धाडलं: उर्मिलाजींच्या घरी, दुपारी.

आता काय बोलायचं! आपला फाल्गुनातला वद्य पक्ष इकडे चैत्रात धरतात. म्हणजे यांची अष्टमी तीच! त्या दिवशी इथे शीतलामातेचा बासोडा. आदल्या दिवशी रांधलेलं गार जेवायचं, चूल पेटवायची नाही. अहो, एक फोन करून उर्मिलाजींना तारीख वाचून दाखवली असती, तर जीभ झिजली असती का? त्या होळीला माहेरी चाकसूला गेलेल्या, ग्रुप बघायला सवड कुठली! आणि बाकीच्या बायका? वाचून आपापसात कुजबुजल्या, विभाताईंना एकीनेही सांगितलं नाही.

त्या दुपारी उर्मिलाजींनी दार उघडलं आणि मला बघून त्यांच्या सासूबाई कडाडल्या, "आज के दिन कढ़ाई? बहू, तूने बुलाया? सारी कॉलोनी यही बोल रही है!" विभाताईंनी मला पिशवीत कोंबलं आणि काढता पाय घेतला. अशी चीड आली मला!

घरी गजाननराव म्हणाले, "लिही की, यजमानांच्या अडचणीमुळे पार्टी रद्द. विषय संपला." लेक तनया लगेच टाइप करायला बसली. डोंबल विषय संपला! जिने घर दिलं, तिच्याच डोक्यावर खापर? मी पिशवीत नुसती धुमसत होते.

विभाताई म्हणाल्या, "तनू, पुस ते. माझ्यामुळे त्यांना घरात बोलणी बसतायत." पिशवी खांद्यावरच होती, तशाच परत गेल्या.

"माँजी, गलती मेरी है. तारीख मैंने रखी, इनसे पूछा नहीं."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "मुझे क्या बोलती है? जिन-जिन को बुलाया, उनको बोल."

मग त्यांच्याच दारात बसून विभाताईंनी एकेकीला फोन लावला. "गलती मेरी थी, उर्मिलाजी की नहीं." एकीने फोनवरच दात काढले. तरी विभाताईंनी पुढचा फोन लावलाच.

मित्रांनो, कुणी तुम्हाला आपलं घर उघडून दिलं, तर दिवस त्यालाच विचारून ठरवा. आणि चुकलात, तर ज्यांच्यासमोर त्याचं नाव गेलं, त्यांच्यासमोरच आपली चूक कबूल करा. गुपचूप मागितलेली माफी काय कामाची?

शेवटचा फोन ठेवला, तेव्हा उर्मिलाजींनी पुरी-भाजीची ताटली पुढे सरकवली. म्हणाल्या, "खा लो. गरम तो आज मिलेगा नहीं."