तळं बघायला निघालेली सॅक

मी सॅक बोलतेय. पाठीवर घ्यायची, डोंगरावर न्यायची सॅक. निदान माझ्या पोटावरच्या चिठ्ठीवर तसं छापलेलं होतं. 'पाण्याचा थेंब आत जाणार नाही' असंही छापलं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पहिल्याच पावसात माझ्या पोटातले मोजे पिळून काढावे लागले.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझे पट्टे शिवणारी मुलगी शिवता शिवता शेजारच्या मशीनवालीला सासूच्या कागाळ्या सांगत होती. त्या रागात माझा डावा पट्टा उजव्यापेक्षा दुप्पट घट्ट शिवला गेला. आजवर उसवला नाही. सासूबाईंचे उपकारच म्हणायचे.

मला विकत घेतलं समजासाहेबांनी. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते विमा कंपनीत दावे तपासतात. कोण कुठे घसरलं, कुणाच्या डोक्यात काय पडलं, हेच वाचण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे त्यांच्या तोंडात सदानकदा 'समजा'. समजा जिना कोसळला. समजा मधमाश्या उठल्या. ऑफिसातल्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

त्यांची बायको कपडे दुरुस्त करते. गल्लीच्या तोंडाशी तिचं छोटं दुकान आहे. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, आणि आपण जाड झालोय हे कबूल न करणाऱ्यांच्या कंबरा गुपचूप सैल करायच्या. मी तिला बाई म्हणते. माझी चेन तिने दोनदा बदललीय, म्हणजे नातं तसं जवळचंच.

लग्न ठरलं तेव्हा समजासाहेब तिला म्हणाले होते, "गावाबाहेरच्या डोंगराच्या माथ्यावरून खालचं तळं अख्खं दिसतं. तुला दाखवीन." सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. एका दिवसाचं काम. त्यासाठीच मी घरात आले.

आणि केलं काय मी? कांदे वाहिले. इस्त्रीचे कपडे वाहिले. एकदा तर मांजर वाहिलं, आणि त्या मांजराने काय केलं ते मी सांगणार नाही. दर हिवाळ्यात डोंगराचा बेत ठरायचा. टेबलावर नकाशा पसरला जायचा, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले जायचे आणि समजासाहेबांचं कीर्तन सुरू व्हायचं. नमनालाच घडाभर तेल! आभाळात ढग असला तर बेत रद्द. ढग नसला तर, "समजा ऊन लागलं?" मग मी पुन्हा माळ्यावर.

एका वर्षी मात्र बाईच्या गुडघ्याने तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "काय चढायचं ते याच मोसमात चढून घ्या. पुढे तुम्हाला सपाट रस्ताच बरा." बाई घरी आली ती तडक स्टुलावर चढली आणि तिने मला माळ्यावरून ओढून काढलं. दुखऱ्या गुडघ्याने स्टुलावर चढू नये, हे तिला सांगायची माझी काय छाती?

"अहो, या रविवारी जायचं," ती म्हणाली. "ढग येवोत नाहीतर गारा पडोत. मला ते तळं बघायचंय."

समजासाहेब 'हो' म्हणाले आणि मला भरायला बसले. दोर, शिट्टी, मलमं, पट्ट्या, जादा बूट, जादा बूट भिजले तर आणखी एक जोड, छत्री, आणि छत्री मोडली तर रेनकोट. माझ्या शिवणी कुरकुरायला लागल्या. त्यांची थोरली बहीण वरच्या मजल्यावर राहते. बाई तिला वन्सं म्हणते. त्या साखर मागायला आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, डोंगर चढायचाय की वर संसार थाटायचाय?"

समजासाहेब एवढ्यावर थांबते तर ठीक होतं. पण शनिवारी संध्याकाळी त्यांना सराव करायची हुक्की आली. मला पाठीवर घेऊन ते इमारतीचा जिना चढू-उतरू लागले. दुसऱ्या खेपेला त्यांच्या कमरेतून असा काही आवाज आला की मला वाटलं माझाच बंद तुटला. हात दाखवून अवलक्षण! सगळ्या संकटांची तयारी केली होती, त्या तयारीचं संकट तेवढं राहून गेलं.

रविवारी सकाळी समजासाहेब पलंगावर आडवे, कमरेखाली गरम पाण्याची पिशवी. "पुढच्या आठवड्यात जाऊ," ते छताकडे बघत म्हणाले.

 बाईने मला पलंगावर पालथं केलं. दोर गेला, शिट्टी गेली, बुटांचे सगळे जोड गेले. मग तिने पाण्याची बाटली, पाव, उकडलेली अंडी आणि गुडघ्याचा पट्टा एवढंच आत ठेवलं. खरं सांगते, जन्मात पहिल्यांदा मला श्वास घेता आला.

"अगं, एकटी जाणार? समजा..."

"वन्सं आहेत सोबत. आणि समजा मी वर पोचले, तर? समजा तळं दिसलं, तर? त्याचा काही विचार केलाय कधी?"

 हा दावा समजासाहेबांपुढे कधी आलाच नव्हता.

वन्सं चपला घालून आल्या होत्या आणि वाटभर डोंगराला शिव्या देत होत्या. बाई दर वळणावर बसायची, गुडघा चोळायची, पुन्हा उठायची. एका जागी ती म्हणाली, "वन्सं, मला नाही वाटत जमेल." वन्सं म्हणाल्या, "मग इथेच मर. मी तर अंडी वर गेल्यावरच खाणार." आणि त्यांनी मला तिच्या पाठीवरून काढून आपल्या पाठीवर घेतलं. त्यांच्या तोंडावर जाऊ नका; मनाने त्या भल्या आहेत.

माथ्यावर पोचलो. बाईने खाली पाहिलं आणि ती मटकन बसली. तेवढ्यात फोन वाजला. मी म्हटलं, आता सुरू होणार, पाय मुरगळला का, पाणी संपलं का. पण पलीकडून समजासाहेब हळूच म्हणाले, "दिसलं का गं?"

"दिसलं," बाई म्हणाली.  "कुणीतरी निळं कापड पसरून ठेवलंय असं वाटतं. काठ अजून शिवायचाय. फार सुंदर आहे हो. तुम्ही हवे होतात."

 वन्संनी अंडं सोललं आणि दुसरीकडे तोंड करून खाल्लं. मला उगाच भरून आलं, आत दोनच पाव उरलेले असताना.

गुडघ्याने शब्द पाळला. त्या मोसमानंतर बाईचा चढ कायमचा बंद झाला. पण तिने समजासाहेबांना सोडलं नाही. "माझं बघून झालं. आता तुम्ही जाऊन या. मी पायथ्याच्या टपरीवर चहा पीत बसते." मला तिनेच भरलं. त्यांनी मागून हळूच शिट्टी घातली, तिने काढली. त्यांनी पुन्हा घातली. शिट्टीपुरता तिने हट्ट सोडला.

तर मंडळी, आज मी पुन्हा माथ्यावर आहे. समजासाहेब माझ्या शेजारी धोंड्यावर बसलेत, लोहाराच्या भात्यासारखे धापा टाकतायत. आयुष्यभर ज्याचे बेत केले ते तळं त्यांच्या पाठीमागे उन्हात लखलखतंय. आणि हा माणूस बघतोय कुठे, तर खाली, टपरीच्या पत्र्याकडे! फोन कानाला आहे.

"अगं, जरा बाहेर ये ना. उन्हात उभी राहा. हात हलव. हां, दिसलीस! दिसलीस!"

"अहो, माझं काय बघता? तळं बघा!"

"बघितलं, बघितलं. छान आहे."

धादांत खोटं. एकदाही वळून बघितलेलं नाही. मला हात असते तर मान धरून फिरवली असती, पण माझे नुसते पट्टे. तेव्हा तुमच्यापैकी कुणी इकडे चढून येणार असेल तर कृपा करा, या माणसाला खांद्याला धरून तळ्याकडे वळवा. सावकाश या, तो इतक्यात उठत नाही.