नावाला ओ

मोबाइलनं आमच्या मालकांचं डोकं पार फिरवलं. टाय लावलेला एक बाप्या त्यात रोज सांगायचा, कागदावरचं नाव सरकारचं हाय, तुमी नुसतं जितं माणूस. कोर्टात त्या नावाला ओ दिली की सरकारशी करार झाला, मग सुटका न्हाय. ह्यांनी ऐकलं आन रिक्षाची नंबर प्लेटच काढून टाकली. तितं पाटी लावली, ‘जिवंत माणूस. कायदा लागू नाही.’ सात रस्ता चौकात पोलिसानं धरलं, तर त्यालाच कायदा शिकवत बसले.

मी लई भांडली. पण खरं सांगू का, कीवबी यायची. जल्मभर लोकांनी ‘ए रिक्षा’ म्हणून हाक मारलेला माणूस. त्याला कुणीतरी ‘तुमी राजे हाय’ म्हटलं, तर गोड वाटणारच की.

केस झाली. पहिल्या तारखेला हे कोर्टात मागच्या बाकावर तोंड शिवून बसले. गैरहजेरी लागली. आजबी तसंच झालं तर वॉरंट निघंल, आत टाकतील, असं मी धरलेल्या वकीलबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं. ह्यांना दमा. माझ्याबिगर ह्यांना फवारा कुटं ठेवलाय तेबी सापडत न्हाय, आन आत कोण बघणार? सकाळपासनं पाया पडली, लेकीची शपथ घातली. हे म्हणाले, घाबरू नको ईरम्मा, कायदा आपल्या बाजूनं हाय.

शिपायानं पुकारा केला. हे माझ्या शेजारी डोळं मिटून गप. दुसरा पुकारा झाला. वकीलबाई म्हणाली, साहेब, हे काय बसलेत. जजसाहेब म्हणाले, मग त्यांनी स्वतः ओ द्यावी. आन वॉरंट लिहायला पेन उचललं.

आमच्यात बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाय. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढं आपलं ‘अवो’, न्हायतर ‘रुद्राणीचे अप्पा’. दवाखान्यातबी ह्यांचं नाव मी शेजारणीला सांगायला लावायची. पण ते पेन कागदाला टेकलं. म्हटलं, चुलीत गेली रीत. उठली आन लांबच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तशी वरडली.

“तिप्पण्णा.”

हे दचकले. तोंडातनं कानडीच निघालं, “बंदे.” आलो म्हणून. आन सरळ उभंच राहिले.

सगळं कोर्ट हसलं. मी पदर तोंडाला लावला. साहेबांनी हसू दाबत इचारलं, तिप्पण्णा तुम्हीच का? मला वाटलं, आता टायवाल्याचं पाठ केलेलं सुरू हुतंय. पण हे साहेबांकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघत होते, डोळं भरलेलं.

“व्हय साहेब,” हे म्हणाले. “हिनं हाक मारली म्हंजे मीच.”